'टेस्टर झोपले होते का?' असं विचारणाऱ्या तमाम गेमर मंडळींना खुलं पत्र

मंडळी,

मोठा गेम आला की पहिल्या दोन तासांत त्याच्या व्हिडिओंखाली काय कमेंटा पडणार हे मी आता डोळे मिटून सांगू शकते. एक असतो 'फर्स्ट' लिहिणारा, एक असतो 'माझ्या चार जीबी रॅमवर चालेल का भावा' विचारणारा, आणि एक हमखास असतो, 'टेस्टर झोपले होते का?' त्याच्याखाली दोनेकशे हसायच्या इमोजी, आणि मग कुणीतरी 'मला ठेवा टेस्टिंगला, फुकटात करतो'.

तर मी ती टेस्टर, म्हणजे गेम बाजारात यायच्या आधी त्यातल्या चुका, आमच्या भाषेत बग, शोधणारी. झोपले नव्हते. सात वर्षं पुण्यात बसून हेच काम करतेय, रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा, कारण समोरची टीम जिथं असते तिथं तेव्हा दिवस असतो, आणि झोपायचंच म्हणाल तर दिवसापण नीट जमत नाही कारण आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये गेले दोन महिने टाइल्स फोडतायत.

घरी काय सांगायचं हा वेगळाच प्रॉब्लेम. आई नातेवाइकांना 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगते आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा ठेवायला आत जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला तेव्हा शेजारच्या काकू खास वर आल्या, 'अगं तुझी नोकरी गेली का गं?' काकू, ते रमीवालं वेगळं. 'मग तू कुठलं खेळतेस?' इथं माझं गाडं अडतं, कारण मी खेळत नाही. म्हणजे हातात कंट्रोलर असतो, स्क्रीनवर गेम असतो, पण त्याला खेळणं म्हणायचं तर फायर ब्रिगेडवाल्याला होळी खेळतो म्हणायला पाहिजे.

काम कसं असतं ते जरा सांगते, कारण 'दिवसभर गेम खेळायचे पैसे मिळतात, ऐश आहे' हे मी लग्नाच्या पंगतीतपण ऐकलंय. नवीन बिल्ड, म्हणजे बनत असलेल्या गेमची ताजी प्रत, आलं की आधी स्मोक टेस्ट, म्हणजे गेम चालू तरी होतो का, मेनू उघडतो का, सेव्ह-लोड होतं का, एवढं बघायचं, त्यातच आडवा पडला तर बिल्ड परत. उभा राहिला तर मग प्रत्येकाला वाटून दिलेलं काम. कोलिजन आलं नशिबात तर एक अख्खं गाव घ्यायचं आणि त्यातल्या प्रत्येक भिंतीला, प्रत्येक पायरीला, प्रत्येक पिंपाला अंग घासत चालायचं, कुठं आरपार जातो का, कुठं अडकतो का, कुठून जगाच्या खाली पडतो का. मग तेच उडी मारत. मग तेच घोड्यावरून. मी एका गेममध्ये साडेतीन आठवडे फक्त होडीत चढले आणि उतरले. डावीकडून चढायचं, उजवीकडून चढायचं, मागून पोहत येऊन चढायचं, चढता चढता मॅप उघडायचा, चढता चढता मरायचं. दुसऱ्या दिवशी नवीन बिल्ड, परत पहिल्यापासून, कारण काल चालत होतं म्हणजे आजही चालेल याची गॅरंटी नसते. याला रिग्रेशन म्हणतात. माझ्या मैत्रिणीकडे सोक टेस्ट होती, म्हणजे कन्सोलवर (प्लेस्टेशनसारखं गेम खेळायचं मशीन) गेम चालू ठेवून तसाच रात्रभर सोडायचा आणि किती तासांनी मेमरी संपून मान टाकतो ते बघायचं. ती एकटीच खुश असायची.

आणि बग दिसला म्हणजे काम झालं असं नाही, खरं तर तिथून सुरू होतं. 'होडीपाशी गेम क्रॅश झाला' असं लिहिलं तर डेव्हलपर ते तसंच परत पाठवतो, आणि बरोबरच आहे त्याचं. कुठलं बिल्ड, कुठला कन्सोल, कुठली भाषा, आधी काय केलं होतं, मग काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, दहापैकी किती वेळा झालं, व्हिडिओ, लॉग. दहापैकी दहा वेळा झाला तर देव पावला. दहापैकी एकदा झाला तर मग तुम्ही आणि तो बग, रात्रभर.

आता तुम्ही म्हणाल मग एवढं सगळं करता तरी रिलीजला बग कसे. त्यासाठी एक साधा हिशोब बघा, पाचवीतला आहे. समजा एका गेमवर ५० टेस्टर आहेत, रोज आठ तास, वर्षाचे अडीचशे दिवस. झाले १ लाख तास. आता गेम रिलीज झाला आणि पहिल्या संध्याकाळी १० लाख लोक नुसतं एक तास खेळले. झाले १० लाख तास. म्हणजे आम्ही पन्नास जणांनी दहा वर्षं घासून जेवढं केलं असतं तेवढं तुम्ही सगळ्यांनी मिळून पहिल्या तासात केलंत, तेही प्रत्येकाचा टीव्ही वेगळा, नेट वेगळं, हार्ड डिस्क भरलेली वेगळी, आणि खेळायची पद्धत तर काय विचारूच नका. कुणी बकरीला छतावर ढकलत नेतं, कुणी कथा सोडून अठरा तास मासेच पकडतं. लाखात एकदा होणारा बग आमच्यापैकी कुणाला दिसला नाही तरी तुमच्यातल्या दहा जणांना त्या संध्याकाळीच भेटणार, आणि ते दहाही जण फोन काढून शूट करणार.

शिवाय आम्हाला दिसतं ते फक्त लक्षण, आजार आत कोडमध्ये. एलियन्स कलोनियल मरीन्स नावाचा गेम आला होता २०१३ ला, लोकांनी धू धू धुतला, कारण त्यातले एलियन मठ्ठासारखे वागायचे, अंगावर यायच्या ऐवजी नुसते गोंधळल्यासारखे फिरायचे. पाच वर्षांनी, २०१८ मध्ये, जगभर बातमी झाली की एका सेटिंगच्या फाइलमध्ये 'टेदर' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्तीचं पडलंय. एक अक्षर! ते खोडलं की एलियन बऱ्यापैकी शहाणे होतात, आणि हे शोधलं होतं एका मॉडरने, म्हणजे गेमच्या फाइलींत हौसेने बदल करणाऱ्याने. असल्या चुकीने गेम क्रॅश होत नाही, एरर येत नाही, काही नाही. टेस्टर फार तर 'शत्रू मूर्खासारखा वागतोय' असं लिहिणार आणि त्यावर 'डिझाइनच तसं आहे' म्हणून उत्तर येऊ शकतं, ते ओळखीचं आहे मला, माझ्या शंभर तरी तिकिटांवर, म्हणजे बगच्या नोंदींवर, आलं असेल.

पण हे सगळं झालं आम्हाला न सापडलेल्या बगांचं. मला खरं बोलायचंय ते सापडलेल्यांबद्दल, कारण तुम्ही ज्यांच्यावरून आम्हाला झोपलेले म्हणता ना, त्यातले बरेचसे आम्हाला आधीच सापडलेले असतात. लिहिलेले असतात. नंबर असतो त्यांना.

गेमचं नाव सांगणार नाही, एनडीए आहे, म्हणजे गुप्ततेचा करार. होडीवालाच गेम. रात्री तीनला आमच्याकडे चहा येतो, मशीनचा नाही, खालचा टपरीवाला वर आणून देतो, आणि तो आला की सगळे उठतात कारण पाच मिनिटांत साय धरते. मी होडीतून नुकतीच उतरले होते, कोपऱ्यात ऑटोसेव्हचं, म्हणजे गेम आपोआप सेव्ह होतोय याचं, चक्र फिरत होतं, मी कन्सोल रेस्ट मोडला टाकला (पूर्ण बंद न करता नुसता झोपवला) आणि चहाला गेले. परत आले, चालू केलं, तर 'सेव्ह डेटा खराब झाला आहे'. झालं. अख्खी सेव्ह, म्हणजे तोवर खेळलेल्याची सगळी नोंद, गेली, आधीच्या बॅकअप सेव्हसकट.

मग तो परत करून दाखवायचा तर होईच ना. पहिली रात्र काहीच नाही. दुसऱ्या रात्री एकदा झाला पण व्हिडिओ चालू नव्हता (डोकं आपटून घेतलं मी). तिसऱ्या रात्री कळलं की नुसतं ऑटोसेव्ह आणि रेस्ट मोड एवढंच नाही, होडीतून उतरल्यावर होणारंच ऑटोसेव्ह पाहिजे, कारण तिथं गेम एकामागोमाग दोन सेव्ह करतो, आणि त्या दोन्हींच्या मधल्या सेकंद-दीड सेकंदात बटण दाबलं गेलं पाहिजे. ५० वेळा केलं, ४ वेळा झाला. लिहिला. सिव्हिरिटी, म्हणजे बगचं गांभीर्य, सगळ्यात वरची, कारण प्लेअरचा डेटा जातोय.

डेव्हलपरने खाली लिहिलं, 'हे कोण करतं? सेव्ह चालू असताना कोण रेस्ट मोडला टाकतं?'

मग तो गेला ट्रायजला. ट्रायज म्हणजे रोजची मीटिंग, प्रोड्युसर, लीड (टीमचे प्रमुख) वगैरे बसतात आणि उरलेल्या बगांची वाटणी करतात, हा आत्ता करायचा, हा नंतर, हा कधीच नाही. आम्हाला तिथं खुर्ची नसते, आमचा लीड असतो फार तर. रिलीजला तीन आठवडे होते. माझ्या तिकिटावर शिक्का पडला, केएस, म्हणजे नोन शिपेबल, म्हणजे माहितीय, तरी जाऊ दे, पॅचमध्ये, म्हणजे रिलीजनंतरच्या दुरुस्तीत, बघू. आणि खरं सांगते, मला राग आला होता पण त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. सेव्हच्या कोडला शेवटच्या तीन आठवड्यांत हात लावला आणि आठ टक्क्यांचा बग जाऊन ऐंशी टक्क्यांचा आला तर? असं होतं. डिस्क छापायला गेलेली असते, तारीख जाहिरातींत गेलेली असते, मग पहिल्या दिवशीचा पॅच येतो वरातीमागून घोडं तसा. माझं म्हणणं एवढंच की तो निर्णय होता. कुणीतरी जागेपणी, मीटिंगमध्ये बसून, कॉफी पीत घेतलेला निर्णय, आणि खापर फुटलं आमच्या झोपेवर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

हे फक्त माझं रडगाणं नाही. सायबरपंक २०७७ आठवतोय ना? तीनदा पुढे ढकलला, शेवटी १० डिसेंबर २०२० ला आला, जुन्या कन्सोलवर इतका वाईट चालत होता की आठवडाभरात सोनीने आपल्या स्टोअरवरून काढून टाकला, तो परत आला पुढच्या जूनमध्ये. तरी २० डिसेंबरपर्यंत १ कोटी ३० लाखांच्या वर कॉप्या विकल्या गेल्या होत्या. जानेवारीत गेम बनवणाऱ्या कंपनीचे सहसंस्थापक व्हिडिओवर आले, माफी मागितली, ते ठीक, पण त्यात हेही म्हणाले की तुम्हाला आलेले बरेचसे प्रॉब्लेम आमच्या टेस्टिंगमध्ये दिसलेच नव्हते. त्यानंतर काही दिवसांतच ब्लूमबर्गमध्ये बातमी आली, तिथंच काम केलेल्या लोकांनी सांगितलं की नेहमीचे बरेच प्रॉब्लेम सापडले होते, दुरुस्त करायला वेळच नव्हता. मी ती बातमी कॅबमध्ये वाचली होती आणि बाजूच्या पोराला दाखवली, तो नुसता 'हं' म्हणाला आणि परत खिडकीला डोकं लावून झोपला.

बरं, सोनी, मायक्रोसॉफ्ट, निंटेंडो यांचं पण आपापलं सर्टिफिकेशन असतं, म्हणजे त्यांच्या मशीनवर गेम यायच्या आधीची तपासणी, निंटेंडोवाले त्याला लॉटचेक म्हणतात. त्यात काय बघतात तर कंट्रोलर मध्येच बंद पडला तर मेसेज येतो का, नेट गेलं तर गेम लटकतो का, बटणांची नावं नियमाप्रमाणे आहेत का, असलं. महत्त्वाचं आहेच ते, पण गेम सर्टमधून पास झाला म्हणजे गेम धड आहे असा अर्थ होत नाही. पीयूसी असलेली गाडी धड असतेच असं आहे का?

आता आमची नोकरी कशी असते तेपण ऐका. माझी पहिली तीन वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर गेली, घरभाड्याच्या करारासारखी, आणि मजा म्हणजे दोन्ही करार एकाच महिन्यात संपायचे, त्यामुळे दर वर्षी एक महिना मला ना घराचा भरवसा ना नोकरीचा. प्रोजेक्ट संपला की अर्धी टीम घरी. असलं बाहेरही चालतं. अमेरिकेत रेव्हन सॉफ्टवेअर आहे ना, कॉल ऑफ ड्युटी वॉरझोनवर काम करणारा स्टुडिओ, तिथं डिसेंबर २०२१ मध्ये डझनभर टेस्टरना सांगितलं की तुमचं काम संपलं. तर बाकीचे लोक काम सोडून बाहेर पडले, संप केला, आणि मे २०२२ मध्ये तिथल्या टेस्टरनी मतदान घेऊन युनियन केली, १९ विरुद्ध ३. मग जानेवारी २०२३ मध्ये झेनिमॅक्स या मायक्रोसॉफ्टच्याच गेम कंपनीतल्या तीनेकशे टेस्टरनी केली, मायक्रोसॉफ्टने ती मान्यही केली. आमच्याकडे असं काही होईल का माहीत नाही, आमच्या व्हॉट्सअप ग्रुपवर बर्थडे केक आणि कॅब लेट आहे याच्यापलीकडे गाडी जात नाही. पण पुण्यात हे काम काल-परवाचं नाही, युबीसॉफ्ट या गेम कंपनीने गेमलॉफ्ट या दुसऱ्या कंपनीचा इथला स्टुडिओ घेतला त्यालाच २००८ पासून किती वर्षं झाली बघा, पुण्यात बनलेला 'राजी' हा गेम २०२० मध्ये जगभर खेळला गेला, आणि तरी 'गेम टेस्टर' म्हणलं की लोक विचारतात, हे असतं का खरंच.

हां, आता माझी बाजू घेऊन एवढं बोलले तर एक कबूल केलं पाहिजे. एकदा खरंच माझी चूक होती. पहाटे पाचची वेळ, ट्रॉफ्यांची (ठरावीक कामगिरी केली की गेम देतो ती बक्षिसं) चेकलिस्ट, साठच्या आसपास ट्रॉफ्या, त्यातली एक सगळी साइड मिशन, म्हणजे मुख्य कथेबाहेरची कामं, संपवल्यावर मिळायची. परवाच्या बिल्डमध्ये मी ती काढली होती, व्यवस्थित मिळाली होती. नवीन बिल्डमध्ये परत काढायची तर डीबग मेनू (आम्हा टेस्टरसाठीचे शॉर्टकट) वापरूनसुद्धा तास-सव्वा तास जाणार होता. मी पास टाकला. न बघता. त्या बिल्डमध्ये नेमकं कुणीतरी एका मिशनचं नाव बदललं होतं आणि ट्रॉफी तुटली होती. रिलीजनंतर दोन दिवसांत लोकांनी बोंब मारली, 'शंभर टक्के केलं तरी ट्रॉफी नाही', आणि त्याच्याखाली आपला नेहमीचा, टेस्टर झोपले होते का. तेव्हा मी काही बोलू शकले नाही. कुणाला कळलं नाही, लीडने विचारलंही नाही, पण चेकलिस्टवर माझ्या नावापुढे तो हिरवा पास अजून आहे. म्हणून तेव्हाच्या पोरांनो, तेवढ्या एका वेळची शिवी मला मान्य.

बाकीच्या वेळी काय करायचं ते सांगते, शिव्या बंद करा म्हणत नाही, सहा हजारांचा गेम घेतलाय तुम्ही. पण शिवी देताना चार गोष्टी जोडा. कशावर खेळत होतात, गेमचं व्हर्जन काय (मेनूत कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बग यायच्या *आधीच्या* दोन मिनिटांत काय केलंत, कारण गोम नेहमी तिथं असते. क्लिप सेव्ह करून ठेवा, बिघडलेली सेव्ह रागाने डिलीट करू नका. 'गेम बेकार आहे' याचं आम्हाला काही करता येत नाही, 'पोहून आलो, मॅप उघडला, फोन आला म्हणून पॉज केलं' याचं खूप काही करता येतं. आमच्यातलं कुणी ना कुणी वाचत असतं, उत्तर द्यायची परवानगी नसते एवढंच. आणि जरा तपासूनपण घ्या हो. सिव्हिलायझेशन या गेममधला तो गांधीजींचा बग, आक्रमकपणाचा आकडा उलटा फिरून गांधीजी अणुबॉम्ब टाकत सुटतात तो, आपल्याकडे तर छाती ठोकून सांगतात सगळे. तो गेम बनवणाऱ्या सिड मायरने स्वतः २०२० मध्ये आठवणी लिहिताना सांगितलं की मूळ गेममध्ये असा बग नव्हताच. न घडलेल्या बगबद्दल इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या बिचाऱ्या टेस्टरनी.

आणि गेम संपल्यावर नावं येतात ती स्किप करू नका एकदा तरी. खूप खाली, म्युझिकच्या लायसन्सच्या जरा वर, टेस्टिंगवाल्यांची यादी असते. कधी कधी माणसांची नावं नसतातच, नुसतं व्हेंडर कंपनीचं नाव असतं. मी सात वर्षांत अकरा गेमवर काम केलं, नाव चारमध्ये आहे, त्यातल्या एकात आडनावाचं स्पेलिंग चुकलंय. मी त्याचा बग टाकला होता. वोन्ट फिक्स.

त्या होडीच्या बगचं राहिलं. रिलीजनंतर सहाव्या दिवशी एका मराठी गेमिंग व्हिडिओखाली एका मुलाची कमेंट होती, नाव लिहीत नाही. '६० तासांची सेव्ह गेली, बाबा अचानक घरी आले म्हणून पटकन रेस्ट मोडला टाकला तर परत आल्यावर सगळं साफ, टेस्टर झोपले होते का.' मी ती कमेंट दहा वेळा वाचली असेल. डेव्हलपरने विचारलं होतं ना हे कोण करतं, तर हे करतं. स्क्रीनशॉट काढून लीडला पाठवला, लीडने तिकिटाला जोडला, तशाच अजून काही देशांतून आल्या होत्या त्याही जोडल्या गेल्या, आणि दोन आठवड्यांनी ते केएस निघालं, तिकीट जागं झालं, फिक्स आला आणि तपासायला माझ्याच नावावर पडला.

तर भावा, तू हे वाचत असशील तर, तुझी सेव्ह काही परत येणार नाही, मला माहितीय, सॉरी. त्या रात्री मी होडीत चढले, उतरले, चक्र फिरायला लागलं की दीड सेकंदाच्या आत रेस्ट मोड, परत चालू, परत होडी. साय धरली चहावर, उठले नाही. ५० पैकी शून्य. मग अजून ५० केले.

तुमची,
रात्रपाळीची एक टेस्टर, पुणे